सेवेचा शीण आणि सेवेचे समाधान



 विषय दूरदेशीचा आहे आणि त्याची भूमी नीट नांगरून घेतल्यावाचून पुढचे काही उगवणार नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जे हिस्पॅनिक लोक राहतात, म्हणजे मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिशभाषक देश येथून आलेले लोक आणि त्यांचे वंशज, त्यांच्या घरांतून स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या वृद्धांची शुश्रूषा जी माणसे वर्षानुवर्षे करीत असतात, त्यांच्या मनावरचा ताण आणि त्याच मनात नांदणारे समाधान, या दोहोंचा परस्परसंबंध काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

‘हिस्पॅनिक’ हा समूह एकजिनसी नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. सरकारी दप्तरांत ही वर्गवारी 1977 च्या एका परिपत्रकाने रूढ झाली आणि 1980 च्या खानेसुमारीत घरोघर हा प्रश्न विचारला गेला. 2020 च्या खानेसुमारीत या वर्गात 6 कोटी 21 लाख माणसे, म्हणजे त्या देशाच्या लोकसंख्येपैकी 18.7 टक्के, मोजली गेली. यांत 1959 च्या क्रांतीनंतर हवाना सोडून मायामीस आलेली सुखवस्तू क्यूबन कुटुंबे आहेत. ज्यांना 1917 पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे असे पोर्तो रिकोचे लोक आहेत. कॅलिफोर्नियाच्या शेतमळ्यांत राबण्यासाठी आलेले मेक्सिकन आहेत. आणि मेक्सिकोशी झालेल्या 1848 च्या तहनाम्याने सरहद्दच पलीकडे सरकल्यामुळे, स्वतः एक पाऊलही न टाकता जे अमेरिकेत जाऊन पडले त्यांचेही वंशज आहेत. या सर्वांना एका सदराखाली घालून त्यांच्या स्वभावाविषयी विधाने करणे धाडसाचे आहे. तरी ते धाडस संशोधकांनी केले आहे, आणि थोडी सावधगिरी बाळगून मीही करणार आहे. कारण कुटुंबाविषयीच्या कर्तव्यबुद्धीच्या बाबतीत या निरनिराळ्या लोकांत खरोखरच पुष्कळ साम्य आढळते.

स्मृतिभ्रंश हा एक रोग नव्हे, अनेक रोगांचा तो परिणाम आहे. त्यांतला सर्वांत मोठा वाटा आल्झायमरच्या रोगाचा. आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्याने त्याचे वर्णन 1906 साली ट्यूबिंगन येथील एका सभेत केले, तेव्हा त्यावर चर्चा करण्याची गरजही जमलेल्या विद्वानांना भासली नाही. अमेरिकेतील वृद्ध हिस्पॅनिकांना स्मृतिभ्रंश जडण्याचे प्रमाण त्यांच्या गोऱ्या समवयस्कांच्या सुमारे दीडपट आहे, असे तेथील जाणकार सांगतात. मधुमेह आणि रक्तदाब यांचा प्रादुर्भाव, तारुण्यात न मिळालेले शिक्षण, आयुष्यभराची हलाखी, अशी कारणे त्यामागे दाखविली जातात. ती खरी आहेत. परंतु रोगाचे कारण कळल्याने रोग्याच्या उशाशी बसलेल्या मुलीची रात्र आखूड होत नाही, आणि माझा विषय ती मुलगी आहे.

‘मुलगी’ असे मी विचारपूर्वक म्हणतो. गोऱ्या अमेरिकन कुटुंबांत शुश्रूषेचा भार पुष्कळदा वृद्ध पतीवर वा पत्नीवर असतो. हिस्पॅनिक कुटुंबांत तो बहुधा एक पिढी खाली उतरतो आणि मुलीच्या किंवा सुनेच्या अंगावर येतो. ती वयाने लहान असते, तिच्या पदरी पोरेबाळे असतात, तिला कुठेतरी तासावारी मजुरीचे कामही असते. बाहेरच्यांना वाटते, म्हातारीला आठवत नाही, एवढेच ना? आठवत नाही, हे तर सोसण्यासारखे असते. जीव घायकुतीस येतो तो निराळ्याच गोष्टींनी. तोच प्रश्न घटकेघटकेला विचारला जातो. स्वतःच दडवून ठेवलेले पैशांचे पाकीट सापडले नाही की सुनेवर चोरीचा आळ येतो. दिवस कलू लागला की अस्वस्थता वाढते. अंघोळीला नेताना आई लेकीला ओरबाडते. मध्यरात्री दार उघडून कोणीतरी रस्त्यावर चालू लागते. देशांतर केलेल्या घरात यात आणखी एक दुःख मिसळते. मोठेपणी शिकलेली भाषा बहुधा आधी निखळते आणि बालपणची शेवटपर्यंत टिकते. म्हणून आजीला इंग्रजी उमगेनासे होते, स्पॅनिश धड न शिकलेल्या नातवंडांशी तिचे संभाषण तुटते, आणि इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरापुढे लेकीला दुभाष्याचेही काम पत्करावे लागते. ‘मला घरी ने’ असा घोष स्मृतिभ्रंशाचे रोगी सर्वत्र लावतात. पण जिचे ते घर मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतातल्या कुठल्याशा खेड्यात होते आणि कधीच विकले गेले, तिची समजूत लॉस एंजेलिसमधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत कशी घालावी?

यावर उपाय विचारायला जावे तर वाट आधी शेजारपाजारच अडवितो. वय झाले की असे व्हायचेच, या समजुतीने कित्येक वर्षे निघून जातात आणि निदान उशिरा होते. वर्तन फारच बिघडले की त्याची गणना वेडात होईल, ही भीती उभी राहते. वेडाचा डाग एका माणसाला न लागता घराण्याला लागतो, म्हणून घराची दारे लावून घेतली जातात. आपल्याकडे हे काही अपरिचित नाही.

असे असताना या स्त्रियांना समाधान कसले, असे कोणी विचारील. परंतु समाधान आहे, आणि ते पुष्कळ आहे. फिलाडेल्फियाचे एम. पॉवेल लॉटन आणि त्यांचे सहकारी यांनी 1991 साली एक विचार मांडला, तो मला या सबंध शास्त्रात सर्वांत मोलाचा वाटतो. तोपर्यंतचे बहुतेक संशोधन भारापाशीच घोटाळत होते. 1980 साली स्टीव्हन झारिट यांनी शुश्रूषेचा भार मोजण्याची जी प्रश्नावली तयार केली, तिच्याच वाटेने लोक चालले होते, आणि भार कमी म्हणजे सुख अधिक असे गृहीत धरले जात होते. लॉटन यांचे म्हणणे असे की समाधान आणि भार या एकाच तागडीच्या दोन बाजू नसून ती दोन स्वतंत्र खाती आहेत. एकातली शिल्लक दुसऱ्यातले कर्ज फेडीत नाही. ज्या मुलीला आईची सेवा करताना धन्यता वाटते तीच मुलगी त्याच रात्री विषादाने पोखरली जात असेल, आणि तिच्या धन्यतेत किंवा तिच्या विषादात लबाडी शोधण्याचे कारण नाही.

हा भेद ध्यानात घेतला नाही तर हिस्पॅनिक शुश्रूषकांविषयीचे निष्कर्ष एकमेकांवर आदळतात. 2004 साली डेव्हिड कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रामुख्याने मायामी व पालो आल्टो या भागांतील, लॅटिन व गोऱ्या स्त्रियांची तुलना प्रसिद्ध केली. तीत लॅटिन स्त्रियांनी रोग्याच्या वर्तनाचा त्रास कमी मानला, सेवेतून मिळणारे लाभ अधिक सांगितले, आणि धर्माचा व प्रार्थनेचा आश्रय अधिक घेतला, असे दिसले. पुढल्याच वर्षी मार्टिन पिनक्वार्ट आणि सिल्विया सोरेन्सेन यांनी 116 अभ्यासांचा एकत्र ताळा घेतला. त्यात हिस्पॅनिक शुश्रूषक गोऱ्यांपेक्षा अधिक विषण्ण आणि शरीरप्रकृतीने अधिक खचलेले आढळले. एका कागदावर समाधान अधिक, दुसऱ्या कागदावर नैराश्य अधिक! वरवर पाहणारा म्हणेल, यांतला एक कागद खोटा. लॉटनचा वाचक म्हणेल, दोन्ही खरे.

इथे मला एक शंका मात्र नोंदवलीच पाहिजे. समाधान मोजण्याची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रचलित आहे: सेवेने आपण उपयोगी आहो असे वाटते काय, आयुष्याची किंमत अधिक कळली काय, इतरांशी नाते दृढ झाले काय, अशा धर्तीची. आता दारात आलेल्या परक्या, सुशिक्षित माणसाने हातात कागद धरून हे विचारल्यावर, ज्या समाजात आईची सेवा हे पुण्य आणि ती टाळणे ही बेअब्रू, त्या समाजातली मुलगी ‘नाही’ म्हणेल, अशी अपेक्षा कोणी ठेवावी? आतल्या खोलीत आई ऐकते आहे, भिंतीवर ग्वादालुपेची मेरीमाता पाहते आहे. समाधानाचे आकडे थोडे फुगलेले असणार, असे माझे मत आहे. पण फुगलेले म्हणजे पोकळ नव्हेत. दिवसातून एखादा क्षण आई ओळख देते, जुने गाणे गुणगुणते, हात कुरवाळते, आणि त्या क्षणासाठी आपण इथे होतो याचा जो आनंद लेकीला होतो, तो मोजणाऱ्याच्या कागदात नीट मावत नाही इतकाच त्याचा दोष.

मग हे समाधान येते कोठून, आणि विषाद कोठून? या दोहोंचे मूळ एकाच जागी आहे, हे मला विशेष वाटते. कुटुंबनिष्ठेला ते लोक ‘फामिलिस्मो’ म्हणतात. फाबियो साबोगाल, हेरार्दो मारिन आणि त्यांचे सहकारी यांनी 1987 साली तिची चिकित्सा केली, तेव्हा तिच्यात तीन धागे निघाले: आप्तांसाठी झिजण्याचे बंधन, आप्त आपल्या पाठीशी आहेत हा भरवसा, आणि कसे वागावे हे आप्तांकडे पाहून ठरविण्याची वृत्ती. अमेरिकन राहणी अंगवळणी पडू लागते तसे पहिला आणि तिसरा हे धागे विरळ होत जातात. भरवसा मात्र फारसा ढळत नाही. पुढे स्पेनमध्ये आंद्रेस लोसादा यांनी स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांच्या आप्तांकडे याच दृष्टीने पाहिले. त्यांना असे आढळले की आप्तांचा आधार जाणवणे हितकर ठरते. परंतु कर्तव्याचे बंधन जिथे प्रबळ, तिथे ‘मी थकलेच नाही पाहिजे’, ‘मदत मागणे म्हणजे हरणे’, ‘माझ्यावाचून हे कोणी करू शकणार नाही’ अशा घातक समजुती मनात रुजतात आणि त्यांच्या वाटेने नैराश्य येते. लॉस एंजेलिसच्या मारिया आरांदा आणि बॉब नाइट यांनी 1997 पासून जी मीमांसा मांडली, तिचाही कल पुढे याच दिशेला गेला: नुसती कुटुंबनिष्ठा आहे म्हणून शुश्रूषकाचा बचाव होत नाही.

सबब प्रश्न कुटुंबावर प्रेम किती, हा नाहीच. दहा भावंडांच्या कुटुंबात सेवा एकीच्याच गळ्यात पडते, बाकीचे रविवारी जेवायला येतात, आईचे केस नीट विंचरलेले नाहीत असा अभिप्राय देतात आणि निघून जातात. अशा घरात बंधन पुरेपूर आहे, भरवसा नाही. बाहेरून मोजणाऱ्याला ते मोठे एकत्र कुटुंब दिसते. आतल्या बाईला ती एकटी असल्याचे कळत असते.

रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी 1999 साली वृद्ध पतिपत्नींविषयी प्रसिद्ध केलेला एक निष्कर्ष येथे सांगण्याजोगा आहे, जरी तो हिस्पॅनिकांपुरता किंवा स्मृतिभ्रंशापुरता नव्हता. जोडीदाराची सेवा करणाऱ्यांपैकी ज्यांना तिचा ताण जाणवत होता, त्यांचा चार वर्षांत मृत्यू होण्याचा धोका असा सेवाभार नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी अधिक होता. सेवा करूनही ज्यांना ताण नव्हता, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. मारक असतो तो ताण, सेवा नव्हे.

आता या सर्वाचा सरकारदरबारी काय उपयोग होतो ते पाहू; माझ्या तक्रारीचा खरा मुद्दा तिथे आहे. ‘ते लोक आपल्या माणसांना सांभाळतात’ हे वाक्य अमेरिकेच्या आरोग्यखात्यांत आणि धर्मादाय मंडळांत फार दिवस स्तुतीच्या सुरात उच्चारले जात आले आहे, आणि त्या स्तुतीच्या आड मदतीची तरतूद करण्याची जबाबदारी अलगद सरकवून ठेवली गेली आहे. वृद्धांसाठी 1965 साली मंजूर झालेली मेडिकेअर ही विमायोजना शस्त्रक्रियेचा खर्च देते, पण न्हाऊ घालणे, भरवणे, रात्री राखण करणे, या कामांसाठी दीर्घकाळ माणूस ठेवण्याचा खर्च देत नाही. तो हवा तर मिळकत संपवून गरिबांच्या मेडिकेड योजनेच्या दारात उभे राहावे लागते. 1996 च्या कायद्याने रीतसर परवान्यावर आलेल्या बहुतेक देशांतरितांनाही अशा योजनांसाठी पाच वर्षांची मुदत घातली. ज्यांच्याजवळ कागदच नाहीत त्यांची तर गोष्टच सोडा. 1993 च्या कौटुंबिक रजेच्या केंद्रीय कायद्याने आजारी माणसाच्या सेवेसाठी वर्षात 12 आठवडे रजेचा हक्क दिला, परंतु ती रजा बिनपगारी, आणि 50 हून कमी नोकर असलेल्या मालकास तो कायदा लागू नाही. ज्या बाईची मजुरी तासावारी तिने बिनपगारी हक्क घेऊन करायचे काय? शिवाय त्या कायद्यात पती, पत्नी, मूल आणि आईबाप एवढेच आप्त धरले आहेत, सासूसासरे नाहीत. सासूचे अंथरूण बदलणारी सून कायद्याच्या लेखी परकी ठरते, याहून अधिक मासलेवाईक उदाहरण मला देता येणार नाही.

मदत दिली तर ती घेतली जाते काय आणि तिने काही साधते काय, याचेही उत्तर उपलब्ध आहे. ‘रीच’ या नावाचा प्रकल्प 1995 पासून तेथील केंद्रीय आरोग्यसंस्थांच्या पैशावर चालला. त्याच्या दुसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाले. बर्मिंगहॅम, मेम्फिस, मायामी, पालो आल्टो आणि फिलाडेल्फिया या पाच शहरांत 642 शुश्रूषक निवडले, त्यांपैकी 212 हिस्पॅनिक होते. निम्म्यांना माहितीपत्रके आणि दूरध्वनीवरची दोन छोटी संभाषणे, एवढ्यावर ठेवले. उरलेल्यांकडे सहा महिन्यांत प्रशिक्षित माणूस नऊ वेळा घरी गेला, तीन वेळा दूरध्वनीवर बोलला, आणि पाच वेळा दूरध्वनीवरच समदुःखी लोकांची बैठक भरविली. औषध कोणतेच नव्हते. रोग्याचा त्रागा कशाने होतो ते कसे ओळखावे, घरातल्या धोक्याच्या वस्तू कशा हलवाव्यात, दीर्घ श्वास घेऊन स्वतःला कसे सावरावे, स्वतःच्या तपासण्या का चुकवू नयेत, असे साधे शिक्षण. आणि हिस्पॅनिकांना ते त्यांच्या भाषेत, त्यांच्या स्वयंपाकघरात बसून दिले. सहा महिन्यांनी हिस्पॅनिक शुश्रूषकांच्या जीवनमानात स्पष्ट सुधारणा दिसली, गोऱ्यांतही दिसली, कृष्णवर्णीयांत मात्र केवळ पतिपत्नींपुरती. सर्व गट मिळून पाहता मदत मिळालेल्यांत विकारस्वरूपी नैराश्य 12.6 टक्के, न मिळालेल्यांत 22.7 टक्के होते. म्हणजे ज्यांना मदत नको, जे आपले आपण सांभाळतात, असे म्हटले जात होते, त्यांच्या उंबऱ्यावर ती योग्य रीतीने गेली तेव्हा त्यांनी ती घेतली आणि ती त्यांना मानवली. स्टॅनफर्डच्या डोलोरेस गॅलागर-थॉम्प्सन यांनी तर पुढे स्पॅनिश वाचकांच्या आवडीची छायाचित्रकथाच हाती घेतली. फोटोनोवेलाच्या रूपात लिहिलेल्या एका घराच्या गोष्टीने नेहमीच्या माहितीपत्रकापेक्षा नैराश्य अधिक उतरले, असे 2015 साली त्यांनी दाखवून दिले. बोधपर परिपत्रके छापणाऱ्या आपल्या खात्यांनी याची दखल घेण्यास हरकत नाही.

हा प्रश्न केवळ अमेरिकेत गेलेल्यांचा आहे, मूळ देशांत एकत्र कुटुंबे सुखाने नांदत असतील, अशी कोणाची कल्पना असेल तर तिलाही आधार नाही. 1998 साली कोचीन येथे जमलेल्या वैद्यांनी ‘दहा-सहासष्ट’ या नावाचे संशोधनमंडळ स्थापन केले. जगातले 66 टक्के स्मृतिभ्रंशाचे रोगी गरीब देशांत आणि त्यांच्यावरील संशोधन 10 टक्क्यांहूनही कमी, म्हणून हे नाव. त्यांनी लॅटिन अमेरिका, भारत, चीन व आफ्रिका येथील 24 केंद्रांतून 706 रोगी आणि त्यांचे आप्त पाहिले. 2004 चा त्यांचा अहवाल सांगतो की घर मोठे असले तर सोबत राहणाऱ्या शुश्रूषकाचा ताण थोडा उतरतो, पण एकंदर ताण श्रीमंत देशांपेक्षा रेसभरही कमी नाही. आपल्या शेजारी गोव्यात 2008 साली प्रसिद्ध झालेला 81 कुटुंबांच्या प्रयोगाने मदतीचा उपयोगही दाखविला: वस्तीतलीच माणसे शिकवून घरोघर सल्लागार म्हणून पाठविली, तेव्हा शुश्रूषकांचे मनःस्वास्थ्य सुधारले. मायामीत आणि गोव्यात औषध एकच लागू पडले.

हे सारे ठाऊक असूनही मेडिकेअरमधून स्मृतिभ्रंशाच्या रोग्याच्या आप्तांच्या विसाव्यासाठी पैसे देण्याची तजवीज झाली ती 1 जुलै 2024 रोजी सुरू झालेल्या, आठ वर्षे चालावयाच्या एका प्रयोगात. तीत पात्र रोग्यामागे वर्षाला 2500 डॉलरपर्यंत रक्कम मिळते, म्हणजे कोणीतरी काही तास येऊन बसेल आणि लेक बाहेर पडू शकेल. परंतु ती सवलत सरकारकडून थेट मेडिकेअर घेणाऱ्यांनाच आहे, खासगी विमाकंपन्यांमार्फत घेणाऱ्यांना नाही. आणि मेडिकेअरमधील हिस्पॅनिक वृद्धांपैकी बहुसंख्य लोक ती खासगी कंपन्यांमार्फतच घेतात.